पगारातली देणगी, रविवारचे श्रमदान: हो म्हणण्याआधी

'साहेबांनी यादीत नाव लिहिलं, आता नाही कसं म्हणायचं?' 'श्रमदान ऐच्छिक आहे म्हणतात आणि हजेरी घेतात, हे कसं?' 'मी पुण्यात नोकरीला आहे, माझी कंपनी आमच्या गावच्या शाळेसाठी काही देईल का?' मोर्शी तालुक्यातल्या वाचकांकडून हेच तीन प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे शिक्षक असतात, बँकेतले किंवा एसटी आगारातले असतात, पतसंस्थेत काम करणारे असतात, रोज नांदगाव पेठच्या एमआयडीसीत जाऊन येणारेही असतात. सगळ्यांना द्यायचे असते. अडते ते कसे द्यायचे यावर, आणि कधीकधी कसे नाही म्हणायचे यावर.

लोकांसाठी राबणे वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. गाडगेबाबांचा खराटा याच अमरावती जिल्ह्यातला आणि तुकडोजी महाराजांचे गुरुकुंजही इथून फार दूर नाही. शेजारचा वरूड तालुका २०१६ साली पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या श्रमदान स्पर्धेत होता. तेव्हा राज्यातले तीनच तालुके निवडले होते. पण गावातल्या श्रमदानात आणि ऑफिसातल्या श्रमदानात एक मोठा फरक आहे. ऑफिसात विनंती करणारा माणूस तुमची रजा मंजूर करणाराही असतो. 'साहेबानं म्हटलं तं द्याच लागते' असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पुढचे सगळे मुद्दे या एका वाक्याभोवती फिरतात.

एक दिवसाचा पगार: नाही म्हणता येते का?

येते. पूर आला, दुष्काळ पडला, साथ आली की मुख्यमंत्री सहायता निधीसाठी एक दिवसाचे वेतन देण्याचे आवाहन होते. आवाहन म्हणजे आदेश नव्हे. पगारातून कोणत्या कपाती करता येतात हे कायदाच ठरवतो. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात मदतनिधीची कपात कामगाराच्या लेखी संमतीवरच ठेवली होती. आता त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे, तरी मालकाने मनाला येईल तशी कपात करायची नाही, हे सूत्र कायम आहे.

केरळचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१८च्या महापुरानंतर तिथल्या सरकारने कर्मचाऱ्यांकडे एका महिन्याच्या पगाराची मागणी केली. ज्यांना द्यायचे नाही त्यांनी तसे लिहून द्यावे, अशी अट घातली. उच्च न्यायालयाने ती अट स्थगित केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. मुद्दा साधा होता: देणाऱ्याची संमती घ्या, न देणाऱ्याकडून नकाराचा कागद मागू नका. कारण नकार देणाऱ्यांची यादी एकदा तयार झाली की ती कुणाच्या तरी टेबलावर राहतेच.

म्हणून तुमच्या कार्यालयात असे आवाहन आले तर एवढे करा:

- परिपत्रकाची प्रत मागा. तोंडी निरोपावर कपात होऊ देऊ नका.
- संमतिपत्रावर रक्कम, महिना आणि निधीचे पूर्ण नाव स्वतः लिहा. 'एक दिवसाचे वेतन' म्हणजे मूळ वेतन की भत्त्यांसह, हे विचारून घ्या.
- द्यायचे नसेल किंवा कमी द्यायचे असेल, तर आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना पगारपत्रक तयार होण्याआधी सांगा. कारण देण्याची गरज नाही. घरी आजारपण आहे, गृहकर्जाचा हप्ता आहे, हे सगळे तुमचे खासगी आहे.
- न विचारता कपात झालीच, तर त्याच महिन्यात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सहा महिन्यांनी बोलून उपयोग कमी.

दर डिसेंबरला ध्वजदिन निधीचे उद्दिष्टही कार्यालयांना मिळते. उद्दिष्ट कार्यालयाचे असते, तुमचे वैयक्तिक नसते. सैनिकांच्या कुटुंबांसाठीचा निधी आहे, जरूर द्या; पण 'माणशी इतके' असा दर कुणी ठरवला असेल तर तो कोणत्या पत्रानुसार, एवढे विचारायला हरकत नाही.

पैसे नेमके कुणाच्या खात्यात जातात?

इथे सर्वांत जास्त घोळ होतो. ऑफिसच्या ग्रुपवर एखाद्याचा नंबर येतो, 'यावर टाका' म्हणून. माणूस प्रामाणिक असतो, हेतूही चांगला असतो, पण पैसे त्याच्या खासगी खात्यात जमा होतात आणि हिशेब त्याच्या डोक्यात राहतो. एखादा सहकारी आजारी आहे आणि दहा जण मिळून त्याला मदत करत आहेत, तर हे चालून जाते. ती आपसातली मदत आहे. पण संस्थेच्या किंवा आपत्तीच्या नावाने गोळा होणारा पैसा संस्थेच्याच खात्यात थेट जायला हवा.

मोर्शीच्या बाजारपेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरायचे असेल, तर आणखी एक गोष्ट आहे. धर्मादाय कामासाठी तात्पुरती समिती करून लोकांकडून पैसा गोळा करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात ती हीच. 'आम्ही सरकारी कर्मचारी आहोत' म्हणून सूट मिळत नाही, उलट बंधन वाढते. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि त्यांत वर्गणी गोळा करण्याआधी मंजुरी घ्यायला सांगितले आहे. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे, १९६७चे. विनामोबदला सामाजिक काम मात्र ड्युटीवर परिणाम होत नसेल तर करता येते. म्हणजे रविवारी झाडे लावायला कुणी अडवत नाही. झाडांसाठी व्यापाऱ्यांकडून पैसे मागायला गेलात की प्रश्न येतो.

संस्थेची पावती हातात आली की घडी घालून खिशात टाकू नका. दोन मिनिटे वाचा. संस्थेचा नोंदणी क्रमांक असतो, त्याआधी बहुधा 'ई' किंवा 'एफ' अक्षर आणि पुढे कंसात जिल्ह्याचे नाव असते. पॅन असतो. करसवलत सांगितली असेल तर ८०जीचा नोंदणी क्रमांक असतो. तुमचे नाव, तुमचा पॅन, रक्कम आणि पैसे कसे दिले हेही असते. यातले 'तुमचे नाव' सर्वांत महत्त्वाचे. पंचवीस जणांचे मिळून एकाच नावाने पावती फाडली, तर बाकीच्या चोवीस जणांना कागदोपत्री काहीच मिळाले नाही.

करसवलतीचा हिशेब

'दान दिलं की पैसे परत मिळतात' हा गैरसमज पक्का आहे. परत काही मिळत नाही. करपात्र उत्पन्न थोडे कमी होते. समजा, तुम्ही ५० टक्के वजावट मिळणाऱ्या संस्थेला ५,००० रुपये दिले. वजावट २,५०० रुपयांची. तुमचा कराचा दर २० टक्के असेल तर कर वाचला ५०० रुपये, उपकर धरून ५२०. बाकी तुमच्या पदरचेच गेले, आणि ते तसेच जायचे असतात.

- ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. तुम्ही नवी प्रणाली घेतली असेल, किंवा काहीच निवडले नसेल म्हणून ती आपोआप लागली असेल, तर ८०जीची वजावट नाही.
- रोखीने २,०००पेक्षा जास्त दिले तर वजावट नाही.
- धान्य, कपडे, वह्या, ब्लँकेट या वस्तूंवर वजावट नाही.
- मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीला दिलेल्या रकमेवर १०० टक्के वजावट आहे. पगारातून कापले असेल तर स्वतंत्र पावती येत नाही. कार्यालयाचे प्रमाणपत्र चालते. ते मागून घ्या, आणि फॉर्म १६ मध्ये ती रक्कम दिसते का ते बघा.
- इतर संस्थांकडून आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत १०बीई हे प्रमाणपत्र यायला हवे. नुसत्या पावतीवर विवरणपत्रात वजावट टिकत नाही.

१ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सल्लागाराशी बोलताना 'जुन्या ८०जीची वजावट' म्हणा, गोंधळ होणार नाही.

श्रमदान: कुणाच्या वेळेत, कुणाच्या जबाबदारीवर?

हजेरी घेतली तर ते ऐच्छिक राहिले नाही, हे आधी कबूल करू. सुटीच्या दिवशी यायलाच हवे असेल तर ते काम आहे. बदली सुटी मागा. ऐच्छिक असेल तर न येणाऱ्याचे नाव कुठेही लिहिले जाऊ नये, वार्षिक मूल्यमापनात तर नाहीच.

दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही तोवर ठीक, विचारायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो: टिकास पायावर पडली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कुणी पडले, तर खर्च कुणाचा? नोकरीच्या ओघात झालेल्या अपघाताची भरपाई कायद्याने मिळते. पण रविवारचे श्रमदान नोकरीच्या ओघात मोडते का, यावर वाद होऊ शकतो. म्हणून जाण्याआधी पत्रात किंवा ईमेलवर एक ओळ मागा की हा उपक्रम संस्थेचा अधिकृत उपक्रम आहे आणि ने-आण, प्रथमोपचार व अपघाताची जबाबदारी संस्थेची आहे. ही एक ओळ द्यायला तयार नसलेल्या व्यवस्थापनाबरोबर ट्रॉलीत बसू नका. अप्पर वर्धा धरणाच्या काठावर स्वच्छता मोहीम काढायची असेल तर धरणाच्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्या आणि पाण्यात उतरायचे नाही हे आधीच ठरवा. कचरा काठावर असतो. जीव जातात ते आंघोळीच्या मोहात.

महिला कर्मचाऱ्यांनी हे माहीत ठेवावे: लैंगिक छळविरोधी २०१३च्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' म्हणजे फक्त ऑफिसची इमारत नव्हे. कामाच्या निमित्ताने जिथे जावे लागते ती जागा आणि मालकाने दिलेले प्रवासाचे वाहनही त्यात येते. तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते. दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. आणि आयोजकांनो, जिथे नेताय तिथे बाईमाणसाला जायला शौचालय आहे का, हे आदल्या दिवशी जाऊन बघा. अनेक जणी 'तब्येत बरी नाही' सांगून येत नाहीत, त्याचे खरे कारण हे असते.

कधी जायचे, हे गावाला विचारा

ऑफिसचे कॅलेंडर आणि शेताचे कॅलेंडर जुळत नाही. शहरातल्या कंपन्यांना २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव आवडतो, ५ डिसेंबरचा स्वयंसेवक दिन आवडतो. आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड, कापसाची वेचणी आणि रब्बीची पेरणी एकाच वेळी चालते. त्या दिवसांत वीस जणांचा गट घेऊन गावात गेलात तर सरपंच चहा देतील, फोटोला उभे राहतील, आणि तुम्ही गेल्यावर अर्धा दिवस बुडाला म्हणून कपाळावर हात मारतील. जूनमध्येही तेच.

बांधबंदिस्ती, समतल चर, शाळेची रंगरंगोटी यांना मार्चअखेर ते मे हा काळ बरा. वॉटर कपची मोहीमही एप्रिल-मेमध्येच चालायची आणि १ मेच्या महाश्रमदानाला शहरांतून 'जलमित्र' यायचे, ते याच हिशेबाने. पण आपल्या उन्हात सकाळी सहाला सुरुवात करून नऊला हत्यारे खाली ठेवायची, हे आधीच ठरवा. दुपट्टा, पाणी, मीठ-साखर सोबत हवीच. एसीत बसणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी अकरापर्यंत खोदायची हौस करू नये.

काम कोणते, हे ग्रामसभेत ठरले तर उत्तम. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा ठरलेल्या असतात. त्याआधी ग्रामपंचायतीला पत्र द्या. जागा गायरान आहे, वनविभागाची आहे की कुणाच्या सातबाऱ्यावर आहे, हे खोदण्याआधी कळले पाहिजे.

घमेल्यापेक्षा टेबल

आता थोडे स्पष्ट बोलतो. बँकेतल्या अधिकाऱ्याने तीन तास माती उचलली तर जे काम होते, ते गावातला तरुण एका तासात करतो. त्याच अधिकाऱ्याने शाळेच्या ओट्यावर टेबल टाकून तीन तास कागद पाहिले, तर एखाद्या घराला दोन लाख रुपये मिळू शकतात. अतिशयोक्ती वाटेल, म्हणून तपशील सांगतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते; वय १८ ते ७०. जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपये कापले जातात आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. त्यात सामील होण्याचे वय १८ ते ५०. गावात खूप जणांच्या पासबुकात ही कपात दिसते. पण ती कशाची हे घरच्यांना माहीत नसते, वारसाचे नाव चुकलेले असते, आणि माणूस गेल्यावर दावाच होत नाही. संत्र्याच्या बागेत झाडावरून पडून किंवा साप चावून मृत्यू झाला तरी अपघात विम्याचा दावा होतो, मात्र लगेच दवाखान्यात नेल्याची नोंद लागते. 'मांत्रिकाकडे नेलं, मग दवाखान्यात आणलं' इथे माणूसही जातो आणि दावाही. शेतकरी कुटुंबासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे अपघात अनुदान योजना वेगळी आहे, तीही २ लाखांपर्यंत.

तर एका रविवारी, एका गावात, चार सहकाऱ्यांनी एवढेच करावे: प्रत्येकाचे पासबुक उघडायचे, या दोन कपाती आहेत का पाहायचे, वारसाचे नाव विचारायचे, आणि एका चिठ्ठीवर 'या खात्यावर हा विमा आहे, काही झाले तर या शाखेत जा' असे मराठीत लिहून घरातल्या बाईच्या हातात द्यायचे. मे महिन्यात करा; १ जूनला नवे विमा वर्ष सुरू होते आणि त्या सुमारास खात्यात शिल्लक नसली तर विमा तुटतो. ओटीपी, पिन कुणाचाही विचारायचा नाही, आणि दुसरी कोणतीही पॉलिसी त्या टेबलावर विकायची नाही. हा दुसरा नियम बँकवाल्यांना जड जातो, पण तो मोडला की पुढच्या वेळी गाव दार उघडत नाही.

असेच वीज कंपनीच्या तंत्रज्ञांना मोटारपंपाचे अर्थिंग तपासता येईल, हिशेबनिसांना बचत गटाची वही नीट लावून देता येईल. शाळेत शिकवायचे असेल तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर नाव नोंदवा आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने, वर्गात शिक्षक हजर असतानाच शिकवा. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो पालकांच्या संमतीशिवाय कुठेही टाकू नका.

रक्तदान आणि वस्तू

रक्तदान शिबिर परवानाधारक रक्तपेढीमार्फतच घ्यायचे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, पुरुषांना दोन वेळांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांना चार महिन्यांचे अंतर. कुणी ऐनवेळी मागे सरले तर कारण विचारू नका, टिंगल तर अजिबात नको. ते कारण त्याचे आणि डॉक्टरांचे असते.

वस्तूंबाबत एकच: फाटके कपडे आणि उरलेली औषधे देऊ नका. शाळेला किंवा रुग्णालयाला काय हवे ते आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर अगदी साधे असते, पंखा, चटया, पाण्याची टाकी.

कंपनीचा सीएसआर गावाकडे वळवायचा असेल तर

पुण्या-नागपुरात नोकरी करणाऱ्यांसाठी हे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते; हाच सीएसआर. तुमच्या गावाला त्यातले मिळावे म्हणून हे कळून घ्या:

- कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. चाकणच्या कारखान्याला मोर्शी का, याचे उत्तर तुमच्याकडे हवे.
- बाहेरच्या संस्थेमार्फत काम होणार असेल तर त्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी, आयकर खात्याची १२ए व ८०जी नोंदणी आणि सहसा किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. कालच स्थापन केलेल्या मंडळाला पैसे मिळत नाहीत.
- एकदिवसीय मॅरेथॉन, सत्कार समारंभ, फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामे यात बसत नाहीत.
- तुमच्या श्रमदानाच्या तासांची किंमत लावून कंपनीला ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. कुणी तशी हजेरी पत्रके भरून घेत असेल तर विचारा.

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. काय अडले आहे, ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, आणि काम झाल्यावर देखभाल कोण करणार. शेवटचा मुद्दा लोक गाळतात आणि नेमका तोच विचारला जातो. वॉटर एटीएम बसवले आणि वर्षभरात ते बंद पडले, अशी गावे सीएसआरवाल्यांनी भरपूर पाहिलेली असतात. आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या आधीच, जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज पोहोचला तर पुढच्या आराखड्यात नाव येण्याची शक्यता असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरलेला पैसा संपवायची घाई असते. त्या घाईत मिळालेल्या बाकांचे आणि टॅबचे पुढे काय होते, ते शाळांना विचारा.

छोट्या कार्यालयात सुरुवात करायची असेल तर

मोर्शीतल्या आठ-दहा माणसांच्या पतसंस्थेला किंवा दवाखान्याला वेगळा विभाग लागत नाही. एक वही आणि एक पानाचा ठराव पुरे. ठरावात लिहा: देणगी व श्रमदान ऐच्छिक राहील, कोणी किती दिले हे जाहीर होणार नाही, पैसे थेट संस्थेच्या खात्यात जातील, वर्षातून एक दिवस पगारी सुटी या कामासाठी मिळेल, काम कोणते ते गाव किंवा संस्था सांगेल. खाली मालकाची सही आधी, मग बाकीच्यांची. रकमेचा रकाना वहीत ठेवूच नका.